पुढचं कोण?

बाबांनी चाळीस वर्षं लोकांची डोकी भादरली. हाताला कंप सुटला, तशी गिऱ्हाइकं एकेक करून पसार झाली आणि दुकान बंद झालं. उरलं घरापुढचं लॉन. ते बिचारं कान कापला म्हणून ओरडत नाही. दर रविवारी बाबा ते यंत्राने कापायचे आणि कडा कात्रीने सारख्या करायचे, तेसुद्धा कंगवा लावून! खोटं नाही सांगत.

मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी यंत्र ढकलायला बंदी केली आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. रविवारची झोप गेलीच, वर खिडकीतून सूचना: "अगं, उलटा हात नको मारूस!" दोन महिन्यांत माझा पारा चढला. मी जाहीर केलं, लॉन काढायचं. त्या जागी जमिनीलगत पसरणारी, कमी पाण्यावर तगणारी झाडं लावायची. कापाकापीची भानगडच नको.

"टक्कल करतेस म्हण ना," बाबा म्हणाले आणि तीन दिवस खिडकी लावून बसले.

चौथ्या दिवशी मी दोरी घेऊन आखणी करत होते. बाबा काठी टेकत आले आणि दुकानातलं जुनं स्टूल गवतात मांडून बसले. कात्री धरलेला हात त्यांनी जमिनीपर्यंत नेला.

"एवढं ठेव. माझा हात पोचतो तेवढंच."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. त्यांचं शेवटचं गिऱ्हाईक मी हुसकावायला निघाले होते. मी स्टुलाभोवती त्यांच्या हाताच्या मापाने गोल आखला, वर वीतभर जास्तच सोडला. बाकीचं गवत काढून रोपं लावली.

रविवारी बाबांनी बसल्या बसल्या तो गोल कापला. खांद्यावरचं दुकानातलं फडकं झटकलं आणि सवयीने हाक मारली, "चला, पुढचं कोण?"

पुढचं कोणीच नव्हतं. ते त्यांच्याही लक्षात आलं. मान खाली घालून ते कात्री पुसत राहिले.

लहानपणापासून माझे केस बाबाच कापायचे. कंप सुटल्यापासून मी गुपचूप पार्लरला जात होते आणि त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. मी जाऊन त्यांच्यापुढे गवतावर बसकण मारली.

"कानाला जपून हं, बाबा."

"तू मान हलवू नकोस म्हणजे झालं."

फडक्याची गाठ मारायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. मी मान हलवली नाही.