बोलका बॉक्स

टीव्हीला कोणता स्ट्रीमिंग बॉक्स घ्यायचा यावरून आमची दुकानातच जुंपली. ह्यांना स्वस्तातला हवा होता, मी हट्टानं बोलका घेतला. बराच वेळ रिमोटला कोणाचा हात लागला नाही, की तो "अजून बघताय का?" विचारतो आणि उत्तर आलं नाही तर बंद होतो. माझे सासरे टीव्ही चालू ठेवून खुर्चीतच झोपायचे. ते गेले, तरी तो राग माझ्या डोक्यातून गेला नव्हता.

दुपारी आम्ही दोघं स्वयंपाकघरात असताना बाहेर बॉक्सनं विचारलं.

"बघा, आता कसा बंद होतो," मी ह्यांना म्हटलं.

बाहेर कोणीतरी खाकरलं आणि मालिका पुढे सुरू झाली.

सासऱ्यांचं खाकरणं म्हणजे "हो", हे कळायला मला लग्नानंतर दोन वर्षं लागली होती. बॉक्सला पहिल्याच दिवशी कळलं.