इंजिन धाकट्याला, सांगाडा थोरल्याला

आमच्या मिरजगावात वाटण्या काय कमी झाल्या? विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या, बांधावरच्या आंब्याच्या फांद्या वाटल्या. पण चालत्या जीपचं पोट फाडून इंजिन एकाने आणि सांगाडा दुसऱ्याने घ्यायचा, हा पराक्रम फक्त माझ्या भावांचा.

जीप आमच्या वडिलांची, कल्याणअण्णांची. चारही चाकांना जोर देणारी जुनी गाडी, पण इंजिन पार कामातून गेलेलं. धाकट्या हर्षलची पिकअप उलटून भंगारात निघाली, तेव्हा तिचं इंजिन अण्णांनी जीपमध्ये घालायचं ठरवलं. दोन्ही इंजिनं एकाच फॅमिलीतली. ब्लॉक तोच, पिस्टन तेच. लोकांना वाटतं, मग काय, उचललं की बसलं. तसं नसतं. पिकअपच्या इंजिनाचं तेलाचं भांडं पुढच्या बाजूला खोल, आणि जीपचा पुढचा अ‍ॅक्सल नेमका तिथंच. ते भांडं कापून मागं खोल करून घेतलं. गिअरबॉक्सची भोकं जुळेनात, म्हणून मधे जाड लोखंडी प्लेट घातली. ती मी नागापूरला, मी कामाला आहे त्या वर्कशॉपमध्ये, स्वतः मशीनवर कापली. सासरचे म्हणायचे, बाईमाणसाला हे काय खूळ. म्हणोत. राहुरीकडच्या डोंगरात जीपवाल्यांची शर्यत असायची. खडक चढताना स्टिअरिंग माझ्या हातात आणि शेजारी अण्णा. एकदा वर पोचल्यावर ते म्हणाले, "ज्ञानू, माझ्यामागं ही तुझीच."

अण्णा गेले. वर्षश्राद्ध उरकलं आणि हक्कसोडपत्राचं निघालं. बहिणीने जमिनीतला हिस्सा भावांना सोडायचा, भावांनी तिला साडीचोळी करायची, ही आमच्याकडची रीत. मी थोरल्याला, मच्छिंद्रदादाला म्हणाले, "जमीन घ्या सगळी. साडी नको मला. फक्त जीप द्या."

"आगं, जीप तुझीच हाय. ती काय लिहून घ्यायची गोष्ट हाय व्हय?"

सख्ख्या भावाकडून लिहून कशाला घ्यायचं, असं मलाही वाटलं. रजिस्टर ऑफिसात सही करून मोकळी झाले. वर साडी दिलीच त्यांनी, भडक जांभळी.

पुढच्या रविवारी जीप आणायला गेले, तर बॉनेट उघडं आणि आत पोकळी. इंजिन हर्षलच्या ओसरीत.

"ताई, इंजिन मूळचं माझ्याच गाडीचं हुतं," हर्षल म्हणाला. "आता मी नंतर घेतलेल्या पिकअपचं जाम झालंय. मंग दादा म्हनला, इंजिन तू घे, बॉडी मी ठेवतो."

"आन् मला?"

दादाने वर बघितलंसुद्धा नाही. "तुला काय करायचीय जीप? जावईबापूंना शोभंल का ते?"

"हर्षल, तुझ्या पिकअपमधी ते बसनार न्हाई. भांडं कापलंय त्याचं."

"एकाच फॅमिलीचं हाय, आरामात बसंल. तू नको यात पडू."

मी आईकडं पाहिलं. ती म्हणाली, "भावांशी वाकडं घेऊ नको बाई. म्हायेर तुटंल." त्या तिघांपेक्षा मला माझाच जास्त संताप आला. अंगणातल्या गवतात माझी प्लेट पडली होती. जादाचा तुकडा समजून हर्षलने फेकलेली. ती पिशवीत घातली आणि एसटी पकडली.

पिकअपमध्ये इंजिन बसलं नाही, हे वेगळं सांगायला नको. भाऊबीजेला दोघे आईला घेऊन नागापूरला माझ्या घरी आले. मी पाट मांडले, रांगोळी काढली, ओवाळलं. दादा एकदम लाडात आला.

"ज्ञाने, पुण्याचा एक जन जीप घ्यायला तयार हाय, पन चालू पायजे. ती प्लेट तेवढी दे. आन् जोडून बी तूच दे, तुझ्याबिगर कुनाला जमायचं न्हाई."

मला हसू आलं. हसता हसता डोळे भरले, त्याचाही राग आला.

"देते की," मी म्हणाले. "उद्या रजिस्टर ऑफिसला चला. दोघंबी जीपवरचा हक्क सोडा. मी तुमाला पँट-शर्टाचं कापड घेते."

हर्षलने तोंडाशी नेलेला लाडू ताटात ठेवला. आईने डोळ्याला पदर लावला. "तोडलंस गं म्हायेर," ती म्हणाली. मी तोडलं म्हणे!

न जेवता गेले तिघं.

आता जीपचा सांगाडा बाभळीखाली आहे, इंजिन ओसरीत पोत्याखाली आणि प्लेट माझ्या माळ्यावर. कुणाचंच कुणाच्या कामाचं नाही. तरी मी अधूनमधून प्लेट खाली काढते आणि गंजू नये म्हणून तिला तेल लावते. त्यासाठी ती जांभळी साडी फाडून चिंध्या केल्यात. पुष्कळ वर्षं पुरतील.