पालथी घातलेली फरशी

मी फरशी बोलतेय. सध्या पालथी आहे, त्यामुळे आवाज जरा दबका येईल.

खाणीतून काढून मला चौकोनी कापलं, एका बाजूनं घासून घासून गुळगुळीत केलं. दुसरी बाजू, म्हणजे पाठ, तशीच ओबडधोबड ठेवली. घरात बसवली ती स्वयंपाकघराच्या दाराशी. तेव्हापासून माझा समज असा, की सगळं घर माझ्याच आधारावर उभं आहे. रोज तोंड पुसलं जायचं. गर्व व्हायला तेवढं पुरलं.

घरात दोनच माणसं. वडील आणि त्यांची मुलगी. वडिलांची नजर पाच-सहा वर्षांत हळूहळू गेली. तरी ते घरभर एकटे फिरायचे, स्वतःचं पाणी स्वतः घ्यायचे. माझ्यावर आले की क्षणभर थांबायचे. मला वाटायचं, माझ्या सौंदर्याला दाद देताहेत. दिसत नसलेला माणूस सौंदर्य कसं बघेल, हा विचार दगडाच्या डोक्यात कुठून येणार?

मुलीच्या मनात मात्र वेगळीच धास्ती होती. फरश्या खालीवर झाल्यात, बाबांना ठेच लागेल, एखाद दिवशी पडतील. तिनं गवंड्याला बोलावलं. माझ्या शेजारणींनी चांगली झुंज दिली. छिन्नी-हातोड्याखाली तुकडे झाले, पण सहजासहजी जागा सोडली नाही. मी तर ठरवलंच होतं की पहार वाकवायची. गवंड्यानं पहारीचं टोक नुसतं टेकवलं आणि मी अलगद वर आले. कित्येक वर्षं माझ्याखाली चुनाच उरला नव्हता. तो म्हणाला, ही तर नुसती ठेवलेली होती. इतकी लाज मला घासतानाही वाटली नव्हती.

अंगणातल्या राडारोड्यात मी धड राहिले ती अशी, ढिलेपणामुळे. माझ्यासारख्याच आणखी दोघी होत्या.

आत नव्या टाइल्स बसल्या. एकसारख्या, चकचकीत. आणि वडील पलंगाच्या कडेला बसून राहिले. पाणी हवं तर हाक मारायचे. न्हाणीघरात जायला हात मागायचे. मुलगी आधी समजुतीनं बोलली, मग चिडली. एवढं सगळं कुणासाठी केलं, असं तिनं विचारलं. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं.

ते म्हणाले, "फरशी छानच आहे गं. फक्त मी कुठे आहे, ते ती सांगत नाही."

मुलीनं गवंड्याला निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी गवंडी परत आला. स्वतःच्या हातानं बसवलेल्या काही टाइल्स काढायच्या म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. पण वडिलांशी दोन शब्द बोलून आला आणि निमूटपणे कामाला लागला. आम्हा तिघींना उचललं, उलटंपालटं केलं आणि पाठीवरून हात फिरवून म्हणाला, "ताई, ही बाजू वर घेऊ. पायाला लगेच कळेल."

स्वयंपाकघराच्या दाराशी दोघी बसल्या. मी एकटी न्हाणीघरासमोर. जन्मभर जे तोंड मिरवलं ते आता सिमेंटमध्ये, आणि जी पाठ लपवली ती कामाला लागली! बढती म्हणावी की शिक्षा, अजून ठरत नाही.

वडील पुन्हा फिरू लागले. भिंतीला हात लावत, पाय चाचपत. चार दिवसांत हाका थांबल्या.

काल दुपारी ते झोपले होते. मुलगी अनवाणी आली, डोळे मिटून, हात पुढे करून. दोनदा चुकली, कपाटावर आपटली. मग तिचा पाय माझ्यावर पडला आणि ती थांबली. डोळे न उघडता हळूच म्हणाली, "न्हाणीघर."

नंतर कितीतरी वेळ ती तशीच उभी होती.

तुम्हीही घरातली फरशी काढणार असाल तर खुशाल काढा, आमची काही तक्रार नाही. फक्त आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा. आणि माझ्यावरून जाताना पाय जरा कोरडे करा, पाठ सारखी ओली असते.