त्राटिकेचे नाक

मी एक जुनी राक्षसीण आहे. दचकलात ना, मित्रांनो? छान! दचकवणे हेच माझे काम आणि त्याचा मला फार अभिमान आहे.

माझे नाव त्राटिका. रामायणातल्या त्राटिकेचे मी सोंग, म्हणजे लाकडी मुखवटा. नाशिकहून पेठच्या बाजूला निघालात आणि घाट उतरलात, की डोंगराच्या कुशीत करवंदपाडा लागतो. भात आणि नागली पिकवणारी, पिढ्यान्‌पिढ्या त्याच डोंगरात राहिलेली माणसे तिथे राहतात. त्या पाड्यात रावजीच्या घरी, चुलीच्या वर आढ्याला, मी वर्षभर टांगलेली असते. धूर खाऊन खाऊन माझा रंग काळवंडला. पण त्याच धुराने मला वाळवीपासून वाचवले. म्हणून धुराला मी कधी नावे ठेवत नाही.

माझा जन्म पांगाऱ्याच्या झाडातून झाला. वादळात ते झाड पडले. फांद्या सरपणाला गेल्या आणि बुंधा धोंडीराम नावाच्या कारागिराने मागून घेतला. पांगाऱ्याचे लाकूड हलके असते. डोक्यावर घेऊन नाचायचे तर लाकूड हलकेच हवे. पावसाळाभर, भाताच्या लावणीतून सवड मिळेल तसा, धोंडीराम पडवीत बसून वाकस आणि पटाशी ही सुताराची हत्यारे चालवत असे. त्याने मला वटारलेले डोळे दिले, बाहेर आलेले सुळे दिले, आणि चुलीवरच्या तव्याला लाजवील असे रुंद नाक दिले. सगळ्यात शेवटी त्याने लोखंडी सळई लालभडक तापवली आणि माझ्या दोन्ही नाकपुड्या आरपार केल्या.

सोंग न्यायला रावजीचा बाप आला, तेव्हा धोंडीरामने मला त्याच्या डोक्यावर चढवले आणि कानाशी लागून सांगितले, "डोळे बघणाऱ्यासाठी, नाक नाचणाऱ्यासाठी."

याचा अर्थ तुम्हाला सांगते. माझे तोंड माणसाच्या तोंडापेक्षा बरेच मोठे आहे. माझे डोळे नाचणाऱ्याच्या कपाळावर येतात. ते नुसते रंगवलेले आहेत, त्यांतून काही दिसत नाही. नाचणारा बघतो तो माझ्या नाकपुड्यांतून. ही गोष्ट पाड्यात फक्त सोंग घेणाऱ्याला ठाऊक असायची. बापाने मुलाच्या डोक्यावर सोंग चढवायचे आणि त्याच घटकेला कानात सांगायचे, अशी आमची रीत. आधी नाही आणि दुसऱ्या कुणाला तर नाहीच. राक्षसीण नाकातून बघते हे कळल्यावर तिला कोण भिणार?

आमच्याकडे उन्हाळ्यात बोहाडा, म्हणजे सोंगांचा उत्सव, होतो. गणपती येतो, शारदा येते, वेताळ येतो, रावण येतो. प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराकडे असतो. सांबळ वाजायला लागले की म्हातारी माणसेसुद्धा पाय हलवतात. द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-पिंपळगावकडे गेलेली कुटुंबे बोहाड्यासाठी परत येतात. शेवटच्या दिवशी, सूर्य डोंगराच्या वर आला की जगदंबेचे सोंग निघते. आणि देवीच्या पुढे कोण चालते, सांगा पाहू? मी! हातात कडुनिंबाचा डहाळा घेऊन मी वाट मोकळी करते, पोरांच्या अंगावर धावून जाते. ज्या लेकराला त्राटिकेने दचकवले, ते वर्षभर कशाला भीत नाही, असे पाड्यात मानतात. त्यामुळे आया आपली लेकरे मुद्दाम पुढे करतात. लेकरे भोकाड पसरतात आणि आया हसतात. राक्षसिणीच्या वाट्याला एवढा मान कुठे आला असेल?

रावजीचा बाप थकला, मग रावजी मला घेऊन नाचू लागला. तो नाचायला लागला की धूळ उडायची. हरसूलपासून माणसे मला बघायला येत.

पण सगळेच दिवस सारखे नसतात. हळूहळू पाडा रिकामा होत गेला. कुणी नाशिकला गेले, कुणी मनमाडला. एका वर्षी तर माझ्यापुढे पळायला पोरेच नव्हती. दोन कुत्री तेवढी भुंकत होती. रावजीचा मुलगा सुनील नाशिकला रंगारी झाला. उंच इमारतींना दोरीला टांगलेल्या पाळण्यात बसून रंग देतो. सणाला आला की माझ्याकडे बघून म्हणायचा, "बा, ही लय धुरकटलीय." आणि पुन्हा जायचा. आढ्यावर टांगल्या टांगल्या मला वाटायचे, रावजीचे गुडघे थकले की आपले नाचणे संपले.

अशात पाड्यात शुभांगीताई आल्या. त्या बाहेरगावच्या लोकांना नाशिक दाखवतात. पंचवटी, रामकुंड, पांडवलेणी, त्र्यंबकेश्वर, सगळे समजावून सांगतात. त्या म्हणाल्या, "लोक येतात, देवळं बघतात आणि जातात. नाशिकच्या डोंगरात रामायण नाचतं हे त्यांना ठाऊकच नाही. मी पाहुणे घेऊन येते. चालेल का?"

बोहाड्याची सगळी व्यवस्था कोंडाजी बघतो. त्याने मिशीवरून हात फिरवला. "चालंल की! पण ताई, आमचा बोहाडा हा खेळ नाय. तुमच्यासाठी थांबणार नाय अन्‌ तुमच्यासाठी पळणारबी नाय."

"तसाच हवाय," ताई म्हणाल्या.

मग काय विचारता! घरे सारवली गेली, अंगणे झाडली गेली. आणि सुनील रजा काढून आला. यंदा रावजी मला त्याच्या हाती देणार होता. रावजीचे गुडघे आता उकिडवे बसू देत नव्हते. औषधासाठी तो लेकीकडे हरसूलला गेला होता. घरात होती ती सुनीलची आई, अक्काबाई.

सुनीलने मला आढ्यावरून उतरवले, अंगणात नेऊन पुसले. त्याच्या हातात माया होती, हे मी शपथेवर सांगेन. त्याने पॉलिश पेपरने मला घासले. जिथे जिथे भोक दिसले, चीर दिसली, तिथे तिथे लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा रंगाऱ्याचा लगदा, भरली. मग तो माझ्या नाकाशी आला.

"आये, नाकात उंदरानं केवढी भोकं पाडलीत बघ!"

"भर बाबा, भर," अक्काबाई म्हणाली. "पाव्हणे येणार. शेंबडी नको दिसाया."

आणि माझे नाक बुजले, मित्रांनो! मला तोंड आहे, सुळे आहेत, पण ओरडता येत नाही. सुनीलने वरून लाल, काळा, पिवळा झगझगीत रंग दिला. अक्काबाई म्हणाली, "नवरी दिसती बया!" आमच्याकडे पूजा झाली की सोंगावर फडके टाकतात आणि ते निघायच्या वेळीच काढतात. त्यामुळे रावजी परत आला तेव्हा मी झाकलेलीच होते.

शेवटच्या दिवसाची सकाळ उजाडली. पाड्यात गर्दी मावत नव्हती. शुभांगीताईंची गाडी आली होती. घराच्या कुडापलीकडे मला आवाज ऐकू येत होते.

"आता येते ती शूर्पणखा ना? जिचं नाक कापलं म्हणून नाशिक?" एक पाहुणी विचारत होती.

"ती पंचवटीतली गोष्ट," ताई हसून म्हणाल्या. "ही त्राटिका. हिचं नाक शाबूत आहे!"

मी आत काय म्हणाले असेन, ते तुम्हीच ओळखा.

रावजीने फडके काढले. माझा रंग बघून क्षणभर त्याचे डोळे दिपले. बाहेर देवीचे सांबळ सुरू झाले होते. त्याने घाईने मला सुनीलच्या डोक्यावर चढवले, दोरी आवळली आणि कानाशी लागून म्हणाला, "ऐक. डोळे बघणाऱ्यासाठी, नाक नाचणाऱ्यासाठी. नाकातनं बघ."

सुनीलने मान इकडून तिकडे फिरवून बघितली.

"दिसतंय का?"

"बा..."

"काय?"

"नाक बुजवलं मी."

"काय केलं?"

"मला वाटलं उंदरानं कुरतडलंय. लांबी भरली. वरनं रंगाचे दोन हात दिले."

"दोन हात!" रावजी मटकन खाटेवर बसला.

अक्काबाई कडाडली, "आधी सांगाया काय झालं व्हतं तुमाला? सारा जल्म संसार केला, पर मलाबी कवा बोलला नाय! मीच म्हणलं त्याला, भर म्हणून!"

"रीत हाय ती."

"आता बसा रीत घिऊन!"

हसू नका, मित्रांनो, कारण पुढचे हसण्यासारखे नाही. ज्या घरचे सोंग वेळेला निघाले नाही, त्या घराचा मान जातो. तो पुढच्या वर्षी दुसऱ्या घराला देतात. धोंडीरामच्या हातची मी, रावजीच्या बापाने मिरवलेली मी, दुसऱ्याच्या आढ्याला जाणार होते. सळई तापवायला वेळ नव्हता. पटाशीचा घाव घातला असता तर जुना पांगारा उभा चिरला असता.

"रावजी!" बाहेरून कोंडाजीची हाक आली. "निघतंय का सोंग? देवी उभी ऱ्हायलीय!"

माझ्या पोटातल्या काळोखात सुनीलचा श्वास जोरात चालला होता. मग तो म्हणाला, "बा, तू म्होरं चाल. बोलत ऱ्हा. तुझ्या आवाजामागं येतो मी."

"माझे गुडघे..."

"पाळण्यात लोंबकळताना मी दोरीवर इसवास ठेवतो, बा. तुझ्यावर नाय ठेवणार?"

रावजी उठला. त्याने काठी घेतली, माझ्याकडे तोंड केले आणि उलट्या पावलांनी अंगणात उतरला. "ये. उंबरा हाय. पाय उचल. आता डावीकडं. ये माझ्या राजा, ये!"

सांबळ कडाडले आणि मी नाचले! सुनीलला काही दिसत नव्हते, म्हणून तो जपून नाचेल असे मला वाटले होते. पण तो बापाच्या आवाजाला बिलगून असा नाचला, की त्याच्या अंगातला पाडा जागा झाला. मध्येच सांबळाच्या गजरात रावजीची हाक बुडाली. आम्ही वळायचे सोडून सरळ गेलो ते थेट पाहुण्यांच्या अंगावर! टोप्या उडाल्या, चपला सुटल्या. मघाची ती पाहुणी तर "आई गं!" करून गोठ्यात शिरली. पाड्यातली पोरे टाळ्या पिटत होती.

ताईंनी धापा टाकत विचारले, "कोंडाजीबाबा, हे असंच असतं का?"

कोंडाजीने माझ्या बुजलेल्या नाकाकडे बघितले, उलटा चालणाऱ्या रावजीकडे बघितले. तोही एकेकाळी सोंग घेऊन नाचलेला, त्याला काय कळायचे ते कळले. तो गंभीरपणे म्हणाला, "असंच असतंय."

मी देवीची वाट मोकळी केली. आम्ही मारुतीच्या पारापर्यंत पोहोचलो. तिथे सोंग उतरवतात. सुनीलने मला उतरवले तेव्हा तो घामाने निथळत होता. रावजी माझ्याकडे बघत उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"लागलं का, बा? गुडघा?"

रावजीने नाही म्हणून मान हलवली. "सारी उमर हिला डोक्यावर घेतली. लोक म्हणायचे, त्राटिका लय भारी नाचते. मला काय ठावं? मी आत व्हतो. ल्हानपणी बा हिला घिऊन नाचायचा, तवा भ्यानं डोळे मिटायचो. हिला नाचताना मी आज पयल्यांदा बघितली."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझे खूप कौतुक झाले. पण ज्याने मला मिरवले, त्याने मला बघितले, ही सकाळ काही वेगळीच होती. मी लाकडाची नसते तर रडले असते.

दुसऱ्या दिवशी रावजीने सळई तापवली. सुनीलने मला मांडीवर घट्ट धरले आणि माझे नाक पुन्हा मोकळे झाले. दार मुद्दाम उघडे ठेवले होते. अक्काबाईला, अंगणात जमलेल्या पोरांना, रावजीने सगळ्यांना ते गुपित सांगितले. "एकाच्याच कानात ठेवलं, म्हणून बुजलं," तो म्हणाला. रंग मात्र तसाच ठेवला. खरे सांगू? तो मला शोभतो.

तुम्हीही गावोगाव फिरायला जाल. जुनी देवळे, जुनी लेणी, जुनी भांडी, माझ्यासारखी जुनी सोंगे बघाल. त्यांची काळजी जरूर घ्या. पण त्यांना चकचकीत करण्याआधी, एखादे भोक बुजवण्याआधी, ज्यांनी ती वापरली त्यांना विचारा, की हे कशासाठी आहे? आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही, बाळांनो, वेळेवर सांगावे.

उन्हाळ्यात करवंदपाड्याला या. लहान असाल तर पुढे उभे राहा. मी अंगावर धावून येईन, म्हणजे वर्षभर तुम्ही कशाला भिणार नाही. सगळे माझ्या डोळ्यांकडे बघतील. तुम्ही मात्र माझ्या नाकाकडे बघा. तिथून सुनील तुमच्याकडे बघत असेल.