सहाच्या आधी बदलायचा वॉशर

पायरी एक. पाणी बंद करा.

केलं. कौशिक गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून आला. अंगणातला नळ उघडून पाहिला. थेंब नाही. पहाटेचे पावणेसहा.

(पायरी एकच्या आधीचं: मार्गळी, इथला तमिळ मार्गशीर्ष. आज गल्लीत कोलमची, म्हणजे पिठाच्या ठिपक्यांच्या रांगोळीची स्पर्धा, सातला परीक्षक येणार. इथल्याच जुन्या मराठी कुटुंबातल्या घरमालकीण जयंतीमावशींचा फाटकापुढचा कोलम गेली तीन वर्षं सातपर्यंत अख्खा राहिलेला नाही. नळ गळतो, ओघळ फाटकाकडे जातो आणि जाताना रांगोळीचा एक कोपरा घेऊन जातो. यंदाचा कोलम पहाटेच काढून झालाय; तो परीक्षकांना पुरता दिसावा, एवढंच त्यांचं मागणं. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू कौशिक, खडकीहून इकडे तमिळ मुलखात, आवडी गावच्या कारखान्यात बदलून आलेला टर्नर, म्हणाला, "वॉशर गेलाय मावशी. माझ्यावर सोडा." जुन्या पितळी नळाच्या मापाचा वॉशर काल जॉर्ज टाउनात मिळाला, तोवर अंधार पडला होता, म्हणून काम आज पहाटे.)

पायरी दोन. पान्ह्यानं नळाचं डोकं काढा.

वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही. तेल. फडकं. शिवी.

"मराठीत शिव्या देऊन काय उपयोग?" जिन्यावरून त्याची बायको शर्मिष्ठा. "त्याला तमिळच कळणार."

निघालं. पाच अठ्ठावन्न.

पायरी तीन. जुना वॉशर

"आवर रे," मावशी म्हणाल्या. "पाणी यायची वेळ झाली."

"कुठलं पाणी? टाकी बंद केलीय की."

"टाकी? ऐयो! हा नळ टाकीवर कुठं आहे? रस्त्याच्या लाइनीवर आहे. सहाला सुटतं!"

"आधी सांगायचं ना!"

"हे काय सांगायचं असतं? सगळ्यांना माहीत असतं!"

खडकीत सगळे नळ टाकीवर. इथं

पायरी ती

पाणी. डोकं नसलेल्या नळातून पुरुषभर उंच, कौशिकच्या चष्म्यावर, भिंतीवर, तिथून फाटकाकडे. कोपरा नव्हे, अख्खा कोलम पांढरा ओघळ होऊन रस्त्याला लागला.

पायरी एक, पुन्हा. खरं पाणी बंद करा.

फाटकाजवळची फरशी उचलून मावशींनी स्वतः लाइनीचा व्हॉल्व्ह फिरवला. कौशिक निथळत उभा. मावशी कोलमकडे बघत होत्या, म्हणजे जिथं तो होता तिकडे.

"मावशी, मी..."

"वॉशर बसव. मग बोल."

पायरी तीन, चार, पाच. बसवला, सहा मिनिटांत. लाइन उघडली. नळातून थेंबही गळला नाही.

पायरी सहा. ही कुठल्याच पुस्तकात नाही.

"पंचेचाळीस मिनिटं," मावशी म्हणाल्या. "एकवीस ठिपक्यांचा दीड तासाचा. जमणार नाही."

"ठिपके मी मांडतो. कारखान्यात दिवसभर तेच, सारखं अंतर मोजायचं. तुम्ही नुसत्या रेघा ओढा."

"पंधरा ठिपके. एक वाकडा पडला तर भाडं वाढवीन."

तो गुडघ्यांवर, पट्टी हातात. मावशी मागून वाकून, पिठाची रेघ न तुटू देता. शर्मिष्ठा गल्लीतली कुत्री हाकलत.

सात. परीक्षक रम्या वही घेऊन आली, फाटकापुढे थांबली, चारी बाजूंनी फिरली. कोलम अख्खा होता. मावशींनी पदर दोनदा नीट केला.

रम्यानं आकडा लिहिला, वही मिटली, मग कौशिकच्या ओल्या कपड्यांकडे आणि पान्ह्याकडे पाहून तमिळमध्ये हळूच विचारलं, आमचाही नळ गळतो, याला पाठवाल का?

"पाठवते," मावशी तमिळमध्ये म्हणाल्या, आणि कौशिककडे वळून मराठीत, "पण जाताना तिला विचार, पाणी कुठून येतं आणि किती वाजता."