घरचीच म्हणवलेली

कार्लिगाशच्या आईचा सातवा दिवस होता. उझबेक सीमेजवळच्या चिमकेंत शहरातल्या त्या घरात सकाळपासून नातेवाइकांची रीघ लागली होती. स्वयंपाकघरात ओयदिन मृताच्या नावाने तळायच्या पोळ्या तळत होती. ती उझबेक. ताश्कंदच्या पलीकडल्या एका खेड्यातून आलेली. आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून तिचं सारं ओयदिननेच केलं होतं.

बाहेरच्या खोलीत आईचे कपडे वाटले जात होते. शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायकांचा पहिला मान. बातिमा अपा, म्हणजे कार्लिगाशची चुलती, हिने आईची मखमली बंडी उचलली आणि ओयदिनला हाक मारली.

"परक्या बाईला बंडी?" कोणीतरी कुजबुजलं.

"परकी कसली?" कार्लिगाश म्हणाली. "घरचीच आहे ती. आई तिला मुलगी म्हणायची."

बायकांचे डोळे पाणावले. ओयदिनने बंडी छातीशी धरली आणि ती पुन्हा कढईकडे गेली.

तेवढ्यात वस्तीवरचा पोलीस आला. घरात दुःख आहे असं कळल्यावर त्याने टोपी काढली, दुआ मागितली, चहाही घेतला. मग अवघडून म्हणाला, "ताई, वरून आदेश आहे. घरोघरी परदेशी माणसं तपासतोय. त्या आतल्या बाई कोण?"

"पाहुणी," कार्लिगाश म्हणाली. "आईच्या मयतीला आलीय."

हे उत्तर तिला शोधावंही लागलं नाही. ते जिभेवर तयारच होतं.

पोलिसाने ओयदिनचा पासपोर्ट चाळला. "एवढा लांबलेला पाहुणचार मी नाही पाहिला. मुदत संपून कितीतरी महिने झालेत. पाहुणी असेल तर चूक तिची एकटीची. सकाळी कोर्टात यावं लागेल. देशाबाहेर काढतील आणि पाच वर्षं सीमा बंद करतील. तुम्हाला फार तर ताकीद मिळेल."

ओयदिन दारात उभी होती. तिने कार्लिगाशकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी ती मधूनमधून सीमेपलीकडे जाई, चहा पिऊन परत येई. पासपोर्टावर नवा शिक्का पडला की झालं. मग कायदा बदलला. अर्ध्या वर्षात नव्वद दिवसच राहता येईल. त्याहून जास्त राहून काम करायचं तर मालकाच्या नावाने परवाना हवा, कर भरायला हवा. ओयदिनने तेव्हाच परवान्याचं विचारलं होतं. कार्लिगाश शाळेत इतिहास शिकवते, कायदा तिला वाचता येत होता. तरी ती म्हणाली होती, "अगं, परवाना नोकरमाणसांसाठी असतो. तू घरचीच."

पाहुणे गेल्यावर बातिमा अपाने कार्लिगाशला समोर बसवलं.

"उद्या कोर्टात काय सांगणार आहेस?"

"काय सांगू, अपा? कामाला होती म्हटलं तर मलाही दंड होईल. शाळेत कळेल. तिला थोडे पैसे देईन ना बरोबर."

"मी चीनमधून या देशात आले तेव्हा आपल्याच लोकांनी बहीण म्हणून मिठी मारली होती," अपा म्हणाली. "कारखान्याचा मुकादम तर सगळ्यांत मोठ्याने बहीण म्हणायचा. वर्षभर माझे कागद केले नाहीत त्याने. बहीण कुठे तक्रार करते? माझ्या तोंडाला कुलूप लागलं ते त्या बहीण शब्दानं."

कार्लिगाश पेले आवरायला उठली, तशी अपाने तिला पुन्हा बसवलं.

"वसंतात ओयदिनची आई गेली. तेव्हा ती कुठे होती?"

"इथेच. मी काही तिला थांब म्हटलं नव्हतं, अपा. मी एवढंच विचारलं, तू गेलीस आणि सीमेवर अडवलं तर माझ्या आईचं कोण करेल?"

"परवाना नसलेल्या माणसाला विचारणं आणि बजावणं एकच असतं, पोरी. तू आपल्या आईला मिठी मारून रडलीस तरी. तिला स्वतःच्या आईचं तोंडही दिसलं नाही. तरी तिने आपल्या हातांनी तुझ्या आईला शेवटची आंघोळ घातली. आणि तू आज तिला पाहुणी म्हणालीस!"

कार्लिगाशला मान वर करवेना. आई गेल्यापासून ती खूप रडली होती, पण ते रडू दुःखाचं होतं, त्यात कोणासमोरही बसता येत होतं. आता तिला त्या खोलीत बसवेना. बाहेर अंगणात ओयदिन कढई घासत होती. तिकडेही तिला जाववेना.

सकाळी न्यायाधीशबाईंनी विचारलं, "ही तुमची कोण?"

"माझ्याकडे कामाला होती," कार्लिगाश म्हणाली. "पाहुणी नाही. काल पोलिसांना मी खोटं बोलले. तिने परवाना मागितला होता, मी काढला नाही."

दोघींना दंड झाला, कार्लिगाशला जास्त. ओयदिनने ठरल्या मुदतीत देश सोडायचा होता. पण चूक तिची एकटीची नव्हती, म्हणून सीमा तिच्यासाठी बंद झाली नाही.

कार्लिगाश तिला सीमेपर्यंत सोडायला गेली. रांग लांब होती. दोघी उन्हात उभ्या राहिल्या.

"तुझ्या आईच्या कबरीवर जाऊन ये," कार्लिगाश म्हणाली. "मग परत ये. माझी आई नसली तरी माझ्या मुलांना तुझी सवय आहे. या वेळी परवाना मी आधीच काढून ठेवते."

"येईन, ओपा," ओयदिन म्हणाली. उझबेकीत ओपा म्हणजे ताई. "कामाला यावंच लागेल. पण दुसऱ्या कुणाकडे जाईन. तुमच्या घरात मला सारखी तुमच्या आईची आठवण येईल. आणि मग माझ्या आईपुढे मान खाली जाईल."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर कार्लिगाशला बरं वाटलं असतं.

आईच्या चाळिसाव्या दिवशी बायका पुन्हा जमल्या, तेव्हा कोणीतरी विचारलं, "घरचीच होती ना ती? मग गेली कशी?" कार्लिगाशने जे घडलं ते सगळं सांगितलं, शाळेतल्या मैत्रिणींसमोरच. दोघीतिघींच्या घरी अशाच बाया होत्या. त्या आपल्या पेल्यातल्या चहाकडे बघत राहिल्या.

आपल्यापैकी कितीजणांच्या घरी अशी एखादी 'घरचीच' आहे? सीमेचे कायदे बदलत राहतात आणि दर वेळी त्यांचा पहिला घाव दुबळ्या माणसावर पडतो. तो कायदा आपण केलेला नसतो. पण त्याच्याआड आपण उभे राहतो ते मात्र आपल्या मर्जीने. ज्या माणसाचे श्रम आपण घेतो, त्याला आधी कामगार म्हणून त्याचा हक्क द्यावा. घरचं म्हणायचं की नाही, ते मग त्याला ठरवू द्यावं.