शहादेवच्या गोळ्यांची डबी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी डबी आहे. नारायणगडाच्या जत्रेत शहादेवनं मला तंबाखूसाठी घेतलं. आमच्या ऊसतोडीच्या टोळीत कुणीही हात पुढं केला की माझं झाकण उघडायचं आणि मी मोठेपणानं फुगायचे.

पुढं त्याचे पाय सुजले. आडवं झालं की जीव गुदमरायचा. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय आणि उगाच धावतंय. इतर औषधांसोबत त्यांनी ठोके संथ करणारी बीटा-ब्लॉकरची गोळी दिली, आधी अगदी थोडी, मग हळूहळू वाढवत. सुरुवातीला तो पार गळून गेला. "गोळीनंच मरतो आता," म्हणायचा. पण त्याच्या बायकोनं, सावित्रीबाईनं, एकही गोळी चुकू दिली नाही. तंबाखू सुटली, मला घासूनपुसून माझ्यात गोळ्या ठेवल्या आणि काही महिन्यांत त्याची धाप थांबली.

त्या साली दुष्काळानं आमचं नांदूरघाट गाव सोडावं लागलं. टोळी सहकारी कारखान्याच्या उसावर गेली. शहादेव कोपीपाशी, म्हणजे पाचटाच्या झोपडीपाशी, बैलं सांभाळायचा.

एका सकाळी शेजारच्या बायनाबाईला दम्यानं गाठलं. ओठ निळे पडले. सावित्रीबाई मला घेऊन धावली. "ह्यांची धाप हिनंच गेली. गिळ बाय."

ही गोळी लिहिण्याआधी डॉक्टरांनी शहादेवला खोदून खोदून विचारलं होतं, दमा आहे का? दम्यात ती छाती आणखी आवळू शकते. मी तेव्हा त्याच्या कनवटीलाच होते. पण मला कुठं ओरडता येतंय?

गोळी बायनाबाईच्या तळहातावर गेली. तेवढ्यात शहादेव आला आणि त्यानं तिचा हात धरला. "ही दम्याला चालत न्हाई. द्यायची न्हाई."

टोळीत कुणी कुणाला नाही म्हणत नाही. तिचा नवरा आश्रुबा खवळला. "तिचा जीव चाललाय अन् तू एका गोळीपायी कशाला अडतो रं?"

शहादेवनं टोळीच्या मुकादमाची जीप आडवं जाऊन थांबवली आणि सगळ्यांना तिच्यात कोंबलं.

दवाखान्यात औषधाची वाफ दिल्यावर बायनाबाईचा श्वास मोकळा झाला. गोळी बघून डॉक्टर म्हणाले, "ही पोटात गेली असती तर अवघड होतं." आश्रुबानं मान खाली घातली.

मित्रांनो, भाकर वाटा, पाणी वाटा, पण एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नका. कुणी नाही म्हटलं तर रुसू नका.

परतताना बायनाबाईनं सावित्रीबाईचा हात धरला. "तू मायेनं दिलीस, म्हणून मी इचारलंबी नसतं. गिळली असती."

सावित्रीबाईला त्या दिवशी घास गेला नाही.